मास्तरांच्या डोक्यावरचे निखारे

"काय आणलंयस?" मकासरे मास्तरांनी खाटेवरूनच विचारलं. सलाम नाही, बस नाही, एकदम काय आणलंयस.

"कोंबडीचा रस्सा आणि भाकरी," मी म्हटलं. "गरम आहे तोवर जेवून घ्या."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते अंथरुणाला खिळले होते. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं पहिल्या आठवड्यात केळी-मोसंबी घेऊन आली, प्रार्थना केली आणि कर्तव्य उरकून गेली. मी त्यांच्यात नव्हते. मास्तरांच्या दारात पाऊल टाकायचं मी कित्येक वर्षांपूर्वी सोडलं होतं. प्रार्थनामंदिरात ते पुढच्या बाकावर बसले तर मी मागे, ते मागे बसले तर मी पुढे. हे सगळ्या ख्रिस्तवाडीला ठाऊक होतं आणि त्यांना तर सगळ्यांत जास्त.

"तू का आणलंस?"

"शास्त्रात सांगितलंय म्हणून."

मी पाठीला उशी लावून त्यांना बसतं केलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली, नेहमीपेक्षा जरा लांबच, आणि पहिला घास घेतला. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून त्यांच्या टकलाकडे बघत होते. धूर निघतोय का ते.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तरही गेले. मंडळीत अजून कुणी तरी हा प्रसंग ख्रिस्ती प्रीतीचा नमुना म्हणून सांगतं, तेव्हा माझं डोकं उठतं. ती प्रीती नव्हती. तो सूड होता आणि तो मी अगदी मन लावून घेत होते. मला त्याचा पस्तावा नाही.

योनाथान माझा धाकटा भाऊ. टेम्पो चालवायचा, ढोलकी वाजवायचा आणि प्यायचा. पहिल्या दोन गोष्टींसाठी मंडळी त्याला हाक मारायची आणि तिसरीसाठी नावं ठेवायची. एका नाताळाला तो पिऊन मंदिरात आला. मकासरे मास्तर तेव्हा मंडळीचे सेक्रेटरी. कोण उशिरा आलं, कुणी डोक्यावर पदर घेतला नाही, कुणाचं पोर रडतंय, हे सगळं दारात उभं राहून बघणं हे त्यांचंच काम होतं, निदान त्यांना तसं वाटायचं. त्यांनी योनाचा दंड धरला. योना मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, तुम्ही असे दारात उभे राह्यले, तर येशूला पण आत यायला चिठ्ठी लागंल."

सगळं मंदिर हसलं. पाळकसाहेबांनीसुद्धा तोंडावर रुमाल धरला. पुढे कितीतरी दिवस वाडीतली पोरं मास्तर दिसले की लांबून ओरडायची, "चिठ्ठी आणली का?"

त्यानंतरच्या बैठकीत पंच कमिटीने योनाचं नाव मंडळीतून काढलं. योनाला त्याचं सुखदुःख नव्हतं. पण उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि तो गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती.

कबरस्तानाची किल्ली मास्तरांकडे असायची. आई त्यांच्याकडे गेली, मी तिच्याबरोबर होते. आई म्हणाली, "मास्तर, त्याच्या बापाशेजारी जागा आहे. तेवढी द्या." मास्तर उंबऱ्याच्या आत उभे, आम्ही बाहेर. ते म्हणाले, "ज्याचं नाव मंडळीत नाही, त्याला आत माती देता येत नाही. नियम आहे, अल्हाटबाई. एकासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल." आईने हात जोडले. देव सोडून कुणापुढे तिने हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मास्तर म्हणाले, "माझ्या हातात काही नाही," आणि दार लोटून घेतलं.

किल्ली त्यांच्या हातात होती. मला ती दिसत होती.

योनाला भिंतीबाहेर, नाल्याच्या कडेला बाभळीखाली माती दिली. खड्डा माझ्या नवऱ्याने आणि योनाच्या टेम्पोवाल्या दोस्तांनी खणला. नंतर आई गेली. तिचं नाव मंडळीत होतं, तिला आत जागा मिळाली. आई भिंतीच्या आत, लेकरू बाहेर. तेव्हापासून मला मकासरे मास्तरांकडून एकच गोष्ट हवी होती. त्यांनी आपल्या तोंडाने म्हणावं, माझं चुकलं. पैसा नको, कबर हलवायला नको, सगळ्या मंडळीसमोरसुद्धा नको. माझ्यासमोर म्हणाले तरी चाललं असतं.

ते म्हणाले नाहीत. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरायचे तेसुद्धा हेच मास्तर. ताट माझ्यापाशी आलं की मी हात मांडीवरच ठेवायचे. मनात वैर ठेवून ती भाकर खाऊ नये असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं, आणि वैर सोडायचा माझा काही विचार नव्हता.

अशात आमच्याकडे त्रिभुवन पाळकसाहेब नवे आले. तरुण होते, उपदेश लांबवायचे, पण आवाज चांगला होता. मास्तर पडले त्याच सुमारास एका रविवारी त्यांनी वैऱ्याशी कसं वागावं यावर उपदेश केला. सूड घेणं देवाचं काम, आपलं नव्हे. वैऱ्याला भूक लागली तर त्याला जेवू घाला, तहान लागली तर पाणी द्या. असं केलं की त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास पडते. पुढे ते क्षमा, प्रीती असं बरंच काही बोलले, पण मी निखाऱ्यांपाशीच थांबले होते. इतकी वर्षं मी मंदिरात येत होते आणि ही सोय माझ्या कशी लक्षात आली नाही, याचंच मला नवल वाटलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. दाविद एसटी डेपोत मेकॅनिक. हात पुसत पुसत त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू त्या म्हाताऱ्याला कोंबडी चारून जाळणार?"

"शास्त्रात आहे."

"मग मला पण थोडं जाळ की. महिना झाला, आपल्या घरात कोंबडी नाही शिजली."

पहिल्यांदा मनात आलं होतं की काहीतरी करपलेलं, खारट न्यावं. पण मी विचार केला. वाईट जेवणाने माणूस चिडतो. चिडला की त्याला बरं वाटतं, आपण काही देणं लागत नाही असं वाटतं. चांगल्या जेवणाने माणूस ओशाळतो. तेव्हा जेवण असं पाहिजे की त्यात बोट ठेवायला जागा नको. मी पाट्यावर वाटण वाटलं, येसराचा मसाला घालून रस्सा केला, भाकरी पातळ थापली. माझ्या सासूसाठी मी कधी इतकी खपले नव्हते.

रोज दुपारी डबा न्यायचा, उघडून समोर ठेवायचा आणि मास्तरांचं जेवण होईपर्यंत समोर बसायचं, असा नेम झाला. बसायचं कशासाठी, तर तो शब्द निघाला तर ऐकायला कुणीतरी हवं म्हणून. आणि नुसतं बसून कसं चालेल, म्हणून मी फुंकर मारत राहायचे.

"हुलग्याचे शेंगोळे आहेत," मी ताट पुढे सरकवत म्हणायचे. "योनाला फार आवडायचे. पातेलं घेऊन बसायचा."

मास्तर मान खाली घालून खायचे. "हुलगा जुना दिसतोय," म्हणायचे.

"आज योनाचा वाढदिवस. म्हणून खीर केली."

"साखर जास्त झालीय."

"आई गेली तेव्हा शेवटी योनाचंच नाव घेत होती."

यावर ते पाणी मागायचे. पाणी प्यायचे, ताट चाटूनपुसून स्वच्छ करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. माणूस आहे की दगड, असं म्हणत मी डबा घासून घरी यायचे.

दिवस गेले, महिने गेले. मास्तर काठी धरून खाटेपासून खिडकीपर्यंत जायला लागले, पुढे काही जमेना. दाविद म्हणाला, "त्याचं वजन वाढू राह्यलंय. निखाऱ्यानं वजन वाढतं का गं?" मी त्याला लाटणं दाखवलं.

आता तिथे बसायचंच होतं तर मी खोली झाडायला लागले. घाणीत बसलेल्या माणसाला लाज वाटत नाही, स्वच्छ खोलीत वाटते, असा माझा हिशोब. मग त्यांची नखं काढली, त्यालाही असंच काही कारण होतं. गोळ्या वेळेवर द्यायला लागले, कारण शब्द बोलण्याआधीच मेले तर माझं सगळंच वाया गेलं असतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार असायचं आणि ते कारण सुडाचंच असायचं. रात्री दाविद घोरत असताना मी उद्या काय करायचं ते ठरवायचे. इतकं मन मी पोरांच्या डब्यात कधी घातलं नव्हतं.

त्यात पाळकसाहेबांनी घोटाळा केला. महिला मंडळाच्या उपासनेत, सगळ्यांसमोर, ते म्हणाले, "वैऱ्यावर प्रीती कशी करावी हे कुणाला बघायचं असेल तर त्यांनी आपल्या मार्थाबाईंकडे बघावं." बायका वळून बघायला लागल्या. पुढच्या बाकावरच्या सुमतीकाकूंनी तर डोळे पुसले. मला कुठे तोंड लपवू असं झालं. उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, परत असं माझं नाव घेऊ नका. मी प्रीती-बिती करत नाही. मी निखारे टाकते आहे."

ते हसले. त्यांना वाटलं मी नम्रपणाने बोलतेय. मग माझा चेहरा बघून हसू थांबवलं.

"आणि पडतायत का?"

"अजून नाही."

"मग काय करणार?"

"आच वाढवणार."

ते थोडा वेळ हातातलं पुस्तक इकडचं तिकडे करत राहिले. "प्रभुभोजन कधी घेणार, मार्थाबाई?"

"ते चुकलं म्हणतील तेव्हा."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"तर देवाला मी जाब विचारीन. त्यानेच ही युक्ती सांगितली आहे."

दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मास्तरांचा मुलगा सुहास पुण्याहून आला. चांगला मुलगा, पण सदा घाईत. मी डबा घेऊन गेले तर तो खोलीत कपाटं उघडून बघत होता.

"मार्थाताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत," तो म्हणाला. "पण आता तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा? आमच्या घराजवळ एक वृद्धाश्रम बघितलाय. नर्स आहे, जेवण आहे. ईस्टर झाला की सोमवारी गाडी घेऊन येतो."

"वडिलांना विचारलंस?"

"विचारलं. काही बोलत नाहीत. म्हणजे होच म्हणायचं."

मी खाटेकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. दीड वर्षाहून जास्त काळ मी त्यांच्यासाठी चुलीपुढे घाम गाळला होता आणि आता हे गाडीत बसून निघून जाणार, तोंडातून शब्द न काढता. तिकडे आयता चहा पिणार, आणि एखाद्या नर्सला सांगणार की आमच्या गावात एक बाई होती, फार प्रेमळ.

त्या आठवड्यात मी डबा दिला, पण योनाचं नाव काढलं नाही. मास्तरांनी एकदा वर बघितलं, ते नाव का आलं नाही म्हणून असेल. मला बोलत बसायला वेळ नव्हता. मी दुसरंच ठरवत होते.

आमच्याकडे ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. शनिवारी सगळी घरं आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात, सकाळी झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात, आणि उजाडताना मेलेल्यांच्या मधोमध उभं राहून पुनरुत्थानाची गीतं म्हणतात. शनिवारी मी आई-बाबांच्या कबरींना चुना लावला, मग बादली घेऊन भिंतीला वळसा घालून योनाच्या कबरीला लावला. दाविदला म्हटलं, दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आण.

"कशाला?"

"मास्तरांना पहाटेच्या उपासनेला नेते."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "भिंतीच्या आत नेणार का बाहेर?"

मी चुन्याची बादली धुवायला घेतली.

"अगं, ईस्टर आहे."

"म्हणून तर."

"आणि नाहीच बोलला तर?"

"तर तिथंच सोडून येईन. योनाशी गप्पा मारत बसू दे."

पहाटे मी गेले तेव्हा मास्तर कोट घालून, कानामागचे चार केस विंचरून तयार होते. दीड वर्षात ते घराबाहेर पडले नव्हते. दाविदने त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि मला काही न बोलता पुढे निघून गेला. वाटेत माणसं सलाम म्हणत होती. सुमतीकाकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. कबरस्तानाचं फाटक उघडं होतं, आत मेणबत्त्या दिसत होत्या. मी फाटकाशी थांबले नाही.

"फाटक मागे राहिलं," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे."

भिंतीच्या कडेची वाट खडबडीत होती, चाकं गवतात अडकत होती. मी खुर्ची ढकलत, ओढत बाभळीपर्यंत नेली आणि योनाच्या कबरीसमोर उभी केली. दाविदने सिमेंटचा क्रूस ओतून त्यावर नाव काढलं होतं. चुना अजून ओलसर होता.

"वाचा," मी म्हटलं.

"चष्मा आणला नाही."

"मग मी वाचते. योनाथान शांतवन अल्हाट."

"मला ठाऊक आहे इथे कोण आहे ते," मास्तर म्हणाले. "तुम्ही खड्डा खणत होतात तेव्हा मी भिंतीच्या आत उभा होतो. कुदळीचा आवाज येत होता."

हे मला माहीत नव्हतं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची मूठ धरून ठेवली. आतल्या बाजूला पहिलं गीत सुरू झालं.

"मग म्हणा," मी म्हटलं.

"काय म्हणू?"

"काय ते तुम्हाला ठाऊक आहे. दीड वर्ष मी त्यासाठीच बसतेय तुमच्या पुढ्यात."

मास्तर क्रूसाकडे बघत होते. "पहिल्या दिवशी मी विचारलं, तू का आणलंस. तू म्हणालीस, शास्त्रात सांगितलंय म्हणून. आठवतं? मार्था, मी तीस वर्षं रविवारची शाळा घेतली. निखाऱ्यांचं मला ठाऊक नसेल का? डबा उघडलास तेव्हाच कळलं तू कशाला आलीयस."

मग मी विचारलं, "तरी खाल्लंत?"

"भूक लागली होती." मग ते म्हणाले, "आणि दुसरं कोण येत होतं?"

"मग पडले का निखारे?"

"रोज. त्या शेंगोळ्यांच्या दिवशी तू गेल्यावर सगळं ओकलो मी. हुलगा काही जुना नव्हता. खीर तर घशाखाली उतरत नव्हती, साखर जास्त झाली म्हणालो. काहीतरी म्हणायला पाहिजे होतं."

इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं. ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. मला फक्त संताप आला.

"एवढं भाजत होतं तर एक शब्द बोलायला काय झालं होतं? एक शब्द, मास्तर. पहिल्याच दिवशी बोलला असतात तर तुम्हीही सुटला असतात आणि मीही."

"म्हणून तर बोललो नाही."

"म्हणजे?"

"तो शब्द मिळाला असता तर तू यायची थांबली असतीस."

बाभळीवर पाखरं कलकलाट करत होती. भिंतीपलीकडे गीत संपून पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू झाली होती. मास्तरांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले, सोडले, परत गुंतवले.

"आता इथवर आणलंयस तर सगळंच ऐकून घे," ते म्हणाले. "तसा नियम नव्हता."

"कसला नियम?"

"मातीचा. मंडळीतून नाव काढलं तर प्रभुभोजन बंद, मत द्यायचं बंद. एवढंच होतं. कुणाला कुठे पुरायचं याचा कुठेच नियम नव्हता. तुझी आई दारात उभी राहिली आणि माझ्या कानात ते नाताळचं हसणं आलं. सगळे हसले होते, पाळकसुद्धा. मी म्हणालो नियम आहे. नंतर पंचांनीही विचारलं नाही. मकासरे म्हणतोय म्हणजे असणार."

मी खुर्चीची मूठ सोडली. त्या वेळी हातात काही असतं तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. माझी आई एका खोट्या नियमापुढे हात जोडून उभी राहिली होती. भिंतीच्या आतबाहेर दोघं पडली होती ती एका थट्टेपायी. मी वळले आणि चालायला लागले. त्यांना तिथंच टाकायचं हे आधीच ठरलेलं होतं आणि आता तर मला कुणाला उत्तर द्यायची गरज नव्हती.

भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मास्तर मला हाक मारतील असं वाटत होतं, म्हणजे मला ती ऐकून पुढे जाता आलं असतं. त्यांनी हाक मारली नाही. मी वळून बघितलं. त्यांच्या एका पायातली चप्पल गवतात पडली होती, आणि तो न वाकणारा पाय पुढे करून ते ती ओढायचा प्रयत्न करत होते. अंगठा चपलेला लागायचा आणि चप्पल आणखी पुढे जायची. एवढं करूनही त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही.

मी परत गेले. चप्पल उचलली, खाली बसून त्यांच्या पायात घातली. पाय गार पडला होता, म्हणून दोन्ही हातांनी जरा चोळला. तेव्हासुद्धा माझा राग तसाच होता.

"माफी मागा," मी म्हटलं.

"आणि मग?"

"मग काय? उद्या मी येणार आहे. परवाही येणार आहे. तुम्ही मागा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी खरं बोलतेय की आणखी एक निखारा टाकतेय, हे ते जोखत असावेत. मग त्यांनी तोंड कबरीकडे केलं.

"योनाथान," ते म्हणाले, "नियम नव्हता रे. मी खोटं बोललो. मला माफ कर." मग भिंतीकडे बघून, आवाज चढवून, जणू ऐकू कमी येणारी आई पलीकडे उभी होती, "अल्हाटबाई, तुम्हीही करा. माझं चुकलं."

तो शब्द अखेर मला मिळाला. आता राग विरून गेला असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. राग होता, आदल्या दिवसापेक्षा जास्त होता, आणि 'माफ केलं' हे शब्द त्या सकाळी माझ्या तोंडात आले नाहीत. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं, माझं पुसलं आणि खुर्ची वळवली. भिंतीपलीकडे उपासना सुटून माणसं एकमेकांना सलाम करत होती.

वाटेत गवतात चाक अडकलं तेव्हा मी थांबले. मास्तर पुढे बघतच म्हणाले, "उद्या सुहास येतोय. गाडी घेऊन."

"येऊ दे."

"त्याला काय सांगू?"

मी चाक ओढून मोकळं केलं.

"सांगा, मी मार्थाकडे जेवतो."